ऑर्गनवादकाची नेमणूक

जर्मनीतील म्युनिक नगरात फ्राउएनकिर्शे नावाचे जे प्रधान चर्च आहे आणि ज्याचे दोन घुमटधारी मनोरे त्या नगराची ओळख होऊन बसले आहेत, त्या चर्चमध्ये फ्रान्झ लेर्नडोर्फर यांनी १९६९ पासून २००२ पर्यंत ऑर्गनवादकाचे पद भूषविले. १९२८ साली साल्झबुर्ग येथे त्यांचा जन्म झाला. केम्प्टन येथे चर्चच्या गायकवृंदाचे संचालन करणाऱ्या पित्याच्या सान्निध्यात ते वाढले. आणि पुढे म्युनिकच्या संगीत महाविद्यालयात अध्यापन करीत असताना त्यांनी ऑर्गनसाठी रचनाही केल्या. परंतु त्यांची खरी कीर्ती झाली ती उत्स्फूर्त वादनामुळे. प्रार्थनेतील एखादी साधी चाल घ्यावी, तिचा पदर उलगडीत जावे, तिला निरनिराळे रंग द्यावेत आणि अखेरीस तिला पुन्हा मूळ स्थानी आणून सोडावे, या कलेत त्यांच्या तोडीचे वादक थोडे होते. ज्या पाश्चात्त्य संगीताला आपण सर्वस्वी लिखित मानतो, त्याच्या मंदिरपरंपरेत उपजेला एवढे मोल असावे, ही गोष्ट ख्याल आणि नाट्यपद यांवर पोसलेल्या मराठी श्रोत्याला विशेष जवळची वाटावी.

२०१३ साली लेर्नडोर्फर निवर्तले. मात्र मला येथे विचार करावयाचा आहे तो त्यांच्या प्रतिभेचा नव्हे, त्यांच्या पदाचा. प्रतिभा ही दैवाची देणगी असते आणि ती कोणत्या घरी उतरेल याचा हिशेब कोणत्याही सरकारी दफ्तरात मांडता येत नाही. पण पद निर्माण करणे, त्यास दरमहा वेतन मुकर्रर करणे, वाद्य सुस्थितीत राखण्याची तरतूद करणे आणि एक वादक निवृत्त होताच त्याच्या जागी दुसरा नेमणे, ही सर्व कामे मनुष्याच्या हातची आहेत. लेर्नडोर्फर यांच्या निवृत्तीनंतर फ्राउएनकिर्शेचे ते आसन रिकामे राहिले नाही. त्यांच्यापूर्वीही तेथे वादक होते, त्यांच्यानंतरही आले. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या आपल्या नगरांतील नाट्यगृहांनी आणि संगीतसंस्थांनी जर्मन मंदिरपरंपरेकडून घेण्यासारखे काही असेल, तर ते हेच आहे.

या परंपरेतील सर्वांत थोर पुरुष योहान सेबास्टियन बाख. १६८५ साली आयझेनाख येथे जन्मलेला हा संगीतकार आज जगाला अलौकिक वाटतो. पण त्याच्या हयातीत तो प्रथमतः एक नोकरदार ऑर्गनवादक होता. १७०३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, आर्नश्टाट येथील चर्चमध्ये त्याची नेमणूक झाली. दोन वर्षांनी बुक्स्टेहूड या वयोवृद्ध वादकाला ऐकण्यासाठी त्याने चार आठवड्यांची रजा मागितली, सुमारे चारशे किलोमीटरचा मार्ग पायी तुडवून तो ल्यूबेकला पोहोचला आणि परतला तो रजेच्या चौपट काळ उलटून गेल्यावर. चर्चच्या वरिष्ठांनी त्याला पाचारण करून जाब विचारला. त्या जबाबात रजेचा प्रश्न होताच, शिवाय आणखी एक आरोप होता: प्रार्थनेच्या चालीत हा तरुण नाना विचित्र स्वर मिसळतो आणि त्यामुळे उपासकांचा गोंधळ उडतो. पुढे वायमारच्या दरबारी असताना त्याने नोकरी सोडण्याचा आग्रह धरला, तेव्हा १७१७ साली त्याच्या धन्याने त्याला सुमारे महिनाभर कैदेत ठेवले.

१७२३ साली लाइपझिग येथील सेंट थॉमस चर्चच्या संगीतप्रमुखाचे पद त्याला मिळाले, तेही टेलेमान आणि ग्राउप्नर हे दोघे संगीतकार अन्य कारणांनी उपलब्ध न झाल्यामुळे. १७५० साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे २७ वर्षे, तो त्याच पदावर राहिला. नगरसभेशी त्याचे संबंध सलोख्याचे नव्हते. १७३० च्या ऑगस्टमध्ये त्याने नगरसभेला एक सविस्तर दरखास्त सादर केली. चर्चच्या संगीतासाठी किती गायक हवेत, किती वादक हवेत, प्रत्यक्षात किती आहेत, आणि त्याच्या हाताखालच्या ५४ विद्यार्थ्यांपैकी १७ कामाचे, २० अजून तयार न झालेले आणि १७ सर्वथा अपात्र कसे आहेत, याचा त्याने त्यात चोख तपशील दिला. जगातील एका महान कलावंताने लिहिलेला तो कागद एखाद्या कर्तव्यदक्ष कारकुनाने वरिष्ठांकडे पाठविलेल्या अहवालासारखा आहे. त्यात कलावंताचे रुसणे नाही. पदाचे काम नीट पार पडावे म्हणून लागणाऱ्या सरंजामाची मागणी आहे.

या हकिकतीतून निघणारा बोध स्पष्ट आहे. बाखचे वरिष्ठ रसिक होते असे नाही. पुष्कळदा ते अरसिक, कंजूष आणि संकुचित होते. तरीसुद्धा त्यांनी ज्या पदाचा डोलारा सांभाळला, त्याच्या छायेत बाख जगू शकला, शिकवू शकला, आणि दर आठवड्याला नवी रचना लिहिण्याची सक्ती त्याच्यावर आली म्हणून आज जगाकडे तो ठेवा आहे. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बहुसंख्य रचना विस्मृतीत गेल्या. १८२९ साली बर्लिनमध्ये तरुण संगीतकार मेंडेलसोनने बाखची एक महान धार्मिक रचना पुन्हा सादर केली, १८४० साली त्याच सेंट थॉमस चर्चमध्ये स्वतः ऑर्गनवादनाचा कार्यक्रम करून निधी उभारला आणि १८४३ मध्ये लाइपझिगमध्ये बाखचे स्मारक उभे राहिले. मेंडेलसोनला हे साधले, कारण मधल्या नऊ दशकांच्या काळात चर्च होते, ऑर्गन होता आणि त्या ऑर्गनपुढे बसणारा कोणी ना कोणी नेमलेला होता. व्यक्ती विसरली गेली, पण आसन टिकले. आणि आसन टिकले म्हणून व्यक्तीही पुन्हा सापडली.

आता आपल्याकडे वळू. मराठी माणसाचे ऑर्गनशी असलेले नाते परके नाही, आणि ते चर्चपुरतेही मर्यादित नाही. ठाणे आणि वसई हा मुलूख पोर्तुगीजांच्या अमलाखाली दीर्घकाळ होता. ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठच्या चर्चचा इतिहास त्या काळापर्यंत जातो. गोमंतकात तर पोर्तुगीजांनी चर्चला जोडून ज्या शाळा चालविल्या, त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलेखन, व्हायोलिन आणि ऑर्गन यांचे शिक्षण मिळाले, आणि पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांना याच मुलांच्या वंशजांनी वादक पुरविले. तथापि मराठी मनात जो ऑर्गन रुजला तो नळ्यांचा महाकाय ऑर्गन नव्हे. पासाउच्या प्रधान चर्चमधील ऑर्गनला सुमारे अठरा हजार नळ्या आहेत. असे वाद्य इमारतीचाच भाग असते, ते बैलगाडीवर लादून गावोगाव नेता येत नाही. आपल्याकडे आले ते त्याचे धाकटे भावंड, धातूच्या पातळ पट्ट्यांवर म्हणजे सुरांवर वाजणारे, पायांनी भाता हलविण्याचे वाद्य.

या वाद्याच्या जन्मात अनेक देशांचा वाटा आहे. हवेच्या झोताने थरथरणाऱ्या सुट्या पट्टीचा उपयोग युरोपात करून पाहणाऱ्यांत क्रात्सेनश्टाइन हा जर्मन शास्त्रज्ञ अग्रणी होता. १८४२ साली पॅरिसच्या दबँ याने हार्मोनियमचे एकस्व घेतले. आणि पुढे अमेरिकेत भात्याने हवा बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढून घेण्याची युक्ती रूढ झाली. हार्मोनियममध्ये हवा सुरांवर आतून आदळते, म्हणून तिचा नाद खणखणीत आणि काहीसा तिखट असतो. ऑर्गनमध्ये भाता हवा शोषून घेतो, बाहेरची हवा सुरांमधून आत शिरते, आणि नाद गोल, मृदू व खोल उमटतो. पाय भाता चालवीत असल्यामुळे दोन्ही हात स्वरपट्ट्यांवर मोकळे राहतात. गुडघ्याने कळ दाबून आवाज वाढविता-घटविता येतो. खुंट्या ओढून खर्जाचे सूर मिळविता येतात. गायकाच्या गळ्याला पाठीमागून आधार द्यावा आणि तरीही त्याला झाकू नये, हा गुण या रचनेतूनच आला आहे. जुन्या कारागिरांच्या तोंडी पॅरिसच्या आणि जर्मन सुरांची जी स्तुती ऐकू येते, तिचे कारण त्या सुरांच्या धातूत आणि घडणीत आहे.

१८८० च्या ऑक्टोबरात एक विलक्षण योग जुळून आला. सहा शतकांहून अधिक काळ रखडलेल्या कोलोनच्या प्रधान चर्चच्या पूर्ततेचा सोहळा जर्मन सम्राटाच्या उपस्थितीत त्या महिन्याच्या १५ तारखेला झाला, आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. एका देशाने आपले संगीत दगडी मंदिरात प्रतिष्ठित केले. दुसऱ्याने ते कनातीच्या नाट्यगृहात आणले. मराठी समाजाचे संगीतमंदिर म्हणजे रंगभूमीच होती. ज्या शेतकऱ्याला, कारकुनाला, दुकानदाराला दरबारी गवयाची बैठक दुर्लभ होती, त्याला राग, ताल आणि तान यांची ओळख नाट्यपदांनी करून दिली. त्या मंदिरात रंगमंचापुढे एका बाजूस तबला आणि दुसऱ्या बाजूस ऑर्गन असे जे स्थान ठरून गेले, ते जर्मन चर्चमधील वादकाच्या आसनाहून प्रतिष्ठेने कमी मानण्याचे कारण नाही.

ऑर्गनवर बसणाऱ्याचे काम किती अवघड असते याची कल्पना प्रेक्षकाला क्वचितच असते. नांदीच्या आधी सूर धरावयाचा तो त्याने. नटाची पट्टी काळी चार आहे की पांढरी पाच, आज त्याचा गळा बसला आहे काय, बसला असल्यास पट्टी अर्ध्या स्वराने उतरवावयाची काय, हे जाणावयाचे त्याने. गद्य संवाद चालू असता पदाचा प्रवेश जवळ आला की अस्फुट स्वराने नटाला सावध करावयाचे त्याने. गायकाने तान घेऊन श्वास घ्यावा तेवढ्या क्षणार्धात रिकामी जागा भरून काढावयाची, आणि त्याने पुन्हा तोंड उघडताच मागे सरावयाचे. नट एखादी ओळ विसरला तर ती स्वरांनी पुरवावयाची. ‘वन्स मोअर’ आला तर पद कोठून उचलले जाईल हे नटाच्या नजरेवरून ओळखावयाचे. संपूर्ण नाटक पाठ असल्याखेरीज, आणि प्रत्येक गायकाच्या घराण्याची चाल ठाऊक असल्याखेरीज, हे साधत नाही. लेर्नडोर्फर ज्या उपजेसाठी नावाजले गेले, ती उपज मराठी ऑर्गनवादक दर प्रयोगाला दाखवीत आला. फरक इतकाच, की त्याला ती दुसऱ्याच्या गाण्याच्या सेवेत आणि कोणाच्या लक्षात न येईल अशा बेताने दाखवावी लागते.

या परंपरेचा मूळपुरुष कोण असे विचारले, तर माझ्या मते गोविंदराव टेंबे यांचेच नाव घ्यावे लागेल. १८८१ मध्ये जन्मलेल्या आणि कोल्हापूरच्या संगीतमय वातावरणात वाढलेल्या या कलावंताने हार्मोनियमला गायकीचे अंग दिले, भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गवयाची साथसंगत करता करता विद्या मिळविली, आणि १९११ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या ‘मानापमाना’ला चाली देऊन मराठी नाट्यसंगीताला एक नवे वळण लावले. पूर्वेकडील ठुमरी-दादऱ्याचा लडिवाळपणा मराठी पदात आला तो या नाटकापासून. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन करणाऱ्यांत ते होते. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाला त्यांनी संगीत दिले आणि त्यात नायकाची भूमिकाही केली. आणि उतारवयात संगीतविषयक मार्मिक लेखन केले. १९५५ साली ते निवर्तले. स्वरपट्ट्यांपुढे बसणारा वादक हाच रचनाकार, हाच शिक्षक आणि हाच चिंतक, असा जो संगम जर्मन मंदिरवादकांत आढळतो, तो टेंबे यांच्या ठायी पूर्णपणे प्रकटला होता.

गंधर्व नाटक मंडळीच्या साथीदारांची गोष्ट निघाली की रसिक तबल्यावरील अहमदजान थिरकवा आणि सारंगीवरील कादरबक्ष यांची नावे भक्तिभावाने घेतात, आणि ते योग्यच आहे. पण ऑर्गनवर बालगंधर्वांची साथ करणारे हरिभाऊ देशपांडे यांचे नाव तितक्या तत्परतेने किती जणांच्या ओठी येते? पुढच्या काळात गोविंदराव पटवर्धन यांनी असंख्य नाट्यप्रयोग आणि मैफली आपल्या बोटांनी सावरल्या; गायकाच्या गळ्यातून निघालेली हरकत क्षणात पेटीतून उमटविण्याचे त्यांचे सामर्थ्य जाणकारांना थक्क करी. तुळशीदास बोरकर यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या वाद्याला उशिरा का होईना राजमान्यता मिळाल्याचे समाधान वाटले. ही माणसे उणी नव्हती. उणे होते ते त्यांना लाभलेले पद. नाटक मंडळ्या होत्या तोवर ऑर्गनवादक मंडळीचा पगारी माणूस असे, तिच्याच बिऱ्हाडी राहत असे, तिच्याच पंक्तीला जेवत असे. मंडळ्या बुडाल्या आणि तो रात्रीच्या प्रयोगागणिक बिदागी घेणारा कलावंत झाला. दिवसा कचेरीत नोकरी आणि रात्री नाट्यगृहात साथ, अशा दुहेरी कष्टांत कित्येकांचे आयुष्य गेले.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या संदर्भात हा प्रश्न मी का मांडतो, हेही सांगितले पाहिजे. गिरगाव-दादरहून विस्थापित झालेला मध्यमवर्ग याच पट्ट्यात येऊन स्थिरावला आणि येताना आपली गाण्याची आवड बरोबर घेऊन आला. संगीतभूषण राम मराठे यांचे वास्तव्य ठाण्यात होते. ‘सुवर्णतुला’ आणि ‘मंदारमाला’ या नाटकांच्या संगीताने ज्यांनी संगीत रंगभूमीला पुन्हा उभारी दिली, त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ठाणे महानगरपालिका संगीत समारोह भरविते. कल्याण गायन समाज भास्करबुवांच्या स्मरणार्थ देवगंधर्व महोत्सव करतो, आणि हे भास्करबुवा म्हणजे बालगंधर्वांचे गुरू व टेंबे यांचे आदरस्थान. ठाण्यास गडकरी रंगायतन १९७८ पासून आहे, पुढे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह झाले. कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले नाट्यगृह आहे. चार नाट्यगृहे, चारही लोकांच्या करातून उभी राहिलेली. प्रकाशयोजना, ध्वनिक्षेपक, वातानुकूलन, खुर्च्या यांवर खर्च होतो आणि व्हावाही. परंतु मराठी रंगभूमीचे जे स्वतःचे वाद्य, ते नाट्यगृहाच्या मालकीचे असावे आणि त्यापुढे बसणारा कोणी नेमलेला असावा, ही कल्पना आपल्या नगरव्यवस्थेच्या अंदाजपत्रकात अद्याप शिरलेली नाही.

परिणामी आज संगीत नाटकाचा प्रयोग असला की पुष्कळदा ऑर्गनच्या जागी विजेवर चालणारा कीबोर्ड दिसतो. तो हलका, स्वस्त आणि कोठेही नेता येण्याजोगा आहे. निर्मात्याला टेम्पोचे भाडे परवडत नाही, जुना ऑर्गन हलविला की त्याचे सूर बिघडतात, आणि ते मिळवून देणारा कारागीर शोधत हिंडावे लागते, या अडचणी खऱ्या आहेत. निर्मात्याला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु कीबोर्डमधून निघतो तो नोंदविलेल्या नादाचा पुनरुच्चार. भात्यावरील पायाचा दाब किंचित कमी-अधिक झाल्याने स्वरात येणारे स्पंदन, लांबविलेल्या षड्‌जात भरत जाणारा श्वास आणि नटाचा आवाज हळू झाला की त्याच्याबरोबर नमणारा नाद, हे सारे खऱ्या वाऱ्याचे देणे आहे. नाट्यगृहात ही अडचण सोडविण्याचा उपायही अडचणीतच दडलेला आहे: ऑर्गन प्रयोगागणिक हलवावयाचाच कशासाठी? तो नाट्यगृहातच कायम ठेवावा, म्हणजे टेम्पोही नको आणि सूरही बिघडावयास नकोत.

एक आक्षेप अधिक मूलगामी आहे आणि त्याचा आदरपूर्वक विचार केला पाहिजे. पट्टीवाद्यात स्वर ठरीव असतात. मींड घेता येत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत, म्हणून भारतीय संगीताला हे वाद्य अपायकारक आहे, असे मोठमोठ्यांनी म्हटले आहे. याच भूमिकेवरून १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीने हार्मोनियमला आपल्या केंद्रांवरून हद्दपार केले. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या महाकवीचाही त्या वाद्याला विरोध होता. आणि ती बंदी सुमारे तीन दशके टिकली. आक्षेपातील तात्त्विक भाग मला मान्य आहे. पण वाद्य म्हणजे केवळ त्याची यंत्ररचना नव्हे. ते वाजविणाऱ्या परंपरेने त्याला दिलेले वळणही त्यातच मोडते. टेंब्यांपासून पटवर्धनांपर्यंतच्या वादकांनी कणस्वरांचा, दाबाचा आणि सोडलेल्या जागांचा असा उपयोग केला, की यंत्रात नसलेली मींड श्रोत्याच्या कानात उमटावी. जे वाद्य तीन दशकांची सरकारी बंदी सोसूनही गवयांच्या बैठकीतून हटले नाही, त्याची उपयुक्तता सिद्ध करण्यासाठी आणखी कोणता पुरावा हवा?

जर्मनांनी आपला वारसा कसा जपला याचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. २०१७ साली युनेस्कोने जर्मनीतील ऑर्गनबांधणीची कारागिरी आणि ऑर्गनसंगीत यांचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. त्या देशात सुमारे ५० हजार ऑर्गन आहेत आणि ते बांधणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या सुमारे ४०० कार्यशाळा आहेत. ऑर्गनबांधणी शिकू इच्छिणारा तरुण साडेतीन वर्षे उमेदवारी करतो. कार्यशाळेत काम आणि शाळेत शिक्षण अशी त्याची दुहेरी घडण होते. चर्चच्या संगीतकारांसाठी श्रेणीवार परीक्षा आहेत, आणि लहान गावाच्या चर्चमध्ये फावल्या वेळात वाजविणाऱ्यालाही त्यांपैकी एक परीक्षा देऊन आपली पात्रता सिद्ध करता येते. उपासकांची संख्या तेथेही घटते आहे, खर्चाची ओढाताण तेथेही आहे. पण वाद्य, वादक, कारागीर आणि विद्यार्थी हे चारही घटक एकत्र सांभाळल्याखेरीज यांतील एकही टिकत नाही, हे त्या समाजाने ओळखले आहे. आपण बहुधा वादकाचा सत्कार करतो आणि बाकीचे तीन घटक वाऱ्यावर सोडतो. मग सत्कारालाही माणूस मिळेनासा होतो.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महानगरपालिकांपुढे आणि या नगरांतील संगीतसंस्थांपुढे माझी सूचना आहे, ती तपशीलवार मांडतो. प्रत्येक नाट्यगृहाने स्वतःच्या मालकीचा एक उत्तम पायाचा ऑर्गन घ्यावा. नवा मिळणे कठीण असल्यास जुन्या नाट्यसंस्थांकडे, चर्चकडे आणि घराघरांत धूळ खात पडलेल्या ऑर्गनांपैकी चांगले पाहून ते विकत घ्यावेत व दुरुस्त करावेत. त्यासाठी दमटपणापासून सुरक्षित अशी जागा ठरवावी. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, भात्याचे कातडे कुजते आणि सुरांना गंज चढतो, तेव्हा पावसाळ्याच्या आधी व नंतर अशी वर्षातून दोनदा देखभाल ठरलेल्या कारागिराकडून करून घ्यावी आणि तिचा खर्च इमारतीच्या दुरुस्तीच्या खात्यातच धरावा, म्हणजे दर वेळी नव्या मंजुरीसाठी कागद फिरत राहावयास नको.

दुसरी गोष्ट पदाची. प्रत्येक महानगरपालिकेने एक नगर-ऑर्गनवादक नेमावा. ही नेमणूक तीन वर्षांची असावी, जाणकारांच्या समितीने खुल्या परीक्षेतून करावी, आणि तिला सन्माननीय मानधन असावे. त्या वादकाची कर्तव्ये ठरीव असावीत: संगीत नाटकांच्या व नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना साथ करणे, हौशी व शालेय संस्थांच्या तालमींना मार्गदर्शन करणे, आठवड्यातून एक दिवस नाट्यगृहातच विद्यार्थ्यांना शिकविणे, आणि वर्षातून एकदा केवळ ऑर्गनचा स्वतंत्र कार्यक्रम करणे. त्याच्या हाताखाली एक विद्यार्थी आणि कारागिराच्या हाताखाली एक उमेदवार, दोघेही विद्यावेतनावर, असले पाहिजेत. जे तरुण आज कीबोर्डच्या शिकवण्यांना जातात, त्यांच्यापैकी काहींची बोटे या वाद्याकडे वळविणे अवघड नाही. त्यांना केवळ हात लावावयास वाद्य आणि शिकावयास गुरू मिळाला पाहिजे.

तिसरी गोष्ट फारशी खर्चाची नाही, पण मोलाची आहे. नाटकाच्या जाहिरातीत, प्रवेशद्वारावरील फलकावर आणि निवेदनात ऑर्गनवादकाचे व तबलावादकाचे नाव नटांच्या नावांइतक्याच ठळकपणे यावे. राम मराठे समारोहाने आणि देवगंधर्व महोत्सवाने साथीदारांच्या स्वतंत्र वादनासाठी एक सत्र राखून ठेवावे. जुन्या वादकांच्या घरी असलेल्या ध्वनिफिती आणि पदांच्या वह्या यांची सुरक्षित नोंद करून ती अभ्यासकांना उपलब्ध करावी. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९३ पासून चालत आलेल्या संस्थेकडे या कामाचा अनुभवही आहे आणि लोकांचा विश्वासही.

महापालिकेला पाणी, रस्ते, आरोग्य अशी निकडीची कामे असताना ऑर्गनवादकाचे मानधन कशासाठी, असा प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्त आहे. लोकलच्या गर्दीत रोज जीव मुठीत धरून प्रवास करणाऱ्या नागरिकाला प्रथम सुरक्षित प्रवास हवा, यात वाद नाही. परंतु तोच नागरिक रविवारी सायंकाळी नाट्यगृहात येतो तेव्हा आठवडाभर हरवलेले काहीतरी त्याला परत हवे असते. त्यासाठी लागणारा खर्च महापालिकेच्या एकूण जमाखर्चात शोधूनही सापडणार नाही इतका अल्प आहे. लाइपझिगची नगरसभा कंजूष होती, बाखला पुरेसे वादक तिने दिले नाहीत; तरी तिने ते पद मोडले नाही, आणि आज त्या नगराची कीर्ती तिच्या त्या एका शहाणपणावर उभी आहे.

मी ज्यांना रसिक म्हणतो त्या ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या नागरिकांना शेवटी हेच विनवितो: आपल्या नगरसेवकाकडे आपण नाल्यांची आणि दिव्यांची तक्रार घेऊन जातो, तशीच एकदा नाट्यगृहात ऑर्गन ठेवण्याची आणि ऑर्गनवादक नेमण्याची लेखी मागणी घेऊन जावे. ज्यांच्या घरी जुना ऑर्गन आहे त्यांनी तो भंगारात न घालता एखाद्या संगीतसंस्थेला द्यावा. येत्या अंदाजपत्रकात या एका पदाची तरतूद झाली, तर पुढच्या पिढीला टेंबे आणि पटवर्धन केवळ पुस्तकांत वाचावे लागणार नाहीत.